२४ डिसेंबरला रात्री गोराईला मिस्साला (चर्चच्या मुख्य प्रार्थनेला) बोलावलंय, सासूबाईंसकट. काय काय माहीत असावं?

दहिसरची_सून

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र गोराई गावचा आहे, ईस्ट इंडियन म्हणजे मूळचे इथलेच कॅथलिक ख्रिस्ती, घरी मराठीच बोलतात, हेल जरा वेगळा एवढंच. दर वर्षी नाताळचा डबा पाठवतो आणि आपण दिवाळीला फराळ पाठवला की विषय संपला, असं इतकी वर्षं चाललंय. या वेळी त्याच्या आईने स्वतः फोन केला की डबा वगैरे काही नाही, २४ ला रात्री चर्चला या आणि २५ ला जेवायलाच थांबा. नवरा लगेच हो म्हणून मोकळा झाला आणि आता सगळे प्रश्न मला पडलेत.

म्हणजे बघा, चपला बाहेर काढायच्या का, साडी कुठल्या रंगाची चालते, सगळे उठतील बसतील तेव्हा आपण पण उठायचं बसायचं का, ते पांढरं गोल प्रसादासारखं देतात ते घ्यायचं का. सासूबाई म्हणतात देवाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, त्या हार आणि नारळ न्यायच्या तयारीत आहेत. मुलगा सात वर्षांचा आहे, रात्री बारापर्यंत टिकणार नाही. आणि मित्र म्हणाला मिडनाइट मास रात्री साडेआठला आहे, हे काय प्रकरण आहे? मी दोनदा विचारलं, तो म्हणे साडेआठच.

कुणी जाऊन आलंय का, किंवा तुमच्यापैकीच कुणी ख्रिस्ती असेल तर सांगा, अगदी बाळबोध सांगितलं तरी चालेल.

---

चहा_बिस्कीट

ताई जा बिनधास्त, चर्चमध्ये कुणी हटकत नाही. पण माझं प्रामाणिक मत सांगू का, रात्रीची गर्दी बघायला म्हणून जाऊ नका. मी पश्चिम उपनगरातल्या एका प्रसिद्ध चर्चला मित्रांबरोबर गेलो होतो, अर्धी माणसं प्रार्थनेला आणि अर्धी सेल्फीला, मागे उभे राहिलेले लोक इतक्या मोठ्याने गप्पा मारत होते की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजी सारख्या वळून बघत होत्या. मला स्वतःलाच तिथं उभं राहायला कसंतरी झालं. त्यांची पूजा चाललीय आणि आपण प्रदर्शन बघायला आल्यासारखे. तुम्हाला घरच्यांनी बोलावलंय म्हणजे वेगळी गोष्ट आहे म्हणा.

---

खाडीपलीकडचा

वहिनी, मी मनोरीचा, म्हणजे तुमच्या मित्राचा शेजारीच समजा. जरा लांब लिहितो, कारण प्रश्न चांगले विचारलेत, नाहीतर दर डिसेंबरला लोक एवढंच विचारतात की वाइन मिळेल का.

आधी साडेआठचं. आमच्याकडे रात्रीची मिस्सा चर्चच्या आत मावत नाही म्हणून बहुतेक गावांत पटांगणात मांडव घालून होते, आणि पटांगणात म्हटलं की लाउडस्पीकर आला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण बाराला सुरू होणारी मिस्सा बाराला कशी संपवणार? म्हणून मुंबईतल्या बऱ्याच चर्चनी वेळ अलीकडे आणली, कुठे आठ, कुठे नऊ. जुनी माणसं कुरकुरतात, माझा बाप तर अजून म्हणतो ही कसली रात्र. पण रोममध्ये तरी काय, २००९ साली पोप बेनेडिक्टनी त्यांची मिस्सा रात्री दहाला आणली आणि पुढे पोप फ्रान्सिसच्या काळात ती आणखी अलीकडे येत गेली. तुमच्या मुलाच्या दृष्टीने तर बरंच झालं. पण नक्की वेळ मित्राला परत एकदा विचाराच, कारण फादर शेवटच्या रविवारी सूचना देतात त्यात कधीकधी बदलते.

चपला काढायच्या नाहीत, आत घालूनच बसतात. साडी कुठलीही, काळी असली तरी कोण काय म्हणणार नाही, आणि नाताळ म्हटल्यावर आमच्या बायका तर सोन्यानाण्यात येतात. अजून गावात लुगडं नेसणाऱ्या आज्या आहेत, त्या दिवशी ठेवणीतलं काढतात, ते बघून घ्या, कारण पुढच्या पिढीत कुणी नेसेल असं मला वाटत नाही. शाल घ्या, खाडीवरचा वारा रात्री बोचतो आणि मांडवाला भिंती नसतात.

उठणं बसणं सोपं आहे. समोरचा उठला की उठा, बसला की बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही, त्या वेळी शांत बसून राहिलात तरी चालतं. फक्त एक जागा सांगतो, म्हणजे तुम्ही दचकणार नाही. प्रवचन झालं की सगळे मिळून क्रीड म्हणतात, आमचा विश्वास कशाकशावर आहे ते. त्यात देवाचा पुत्र माणूस झाला अशी ओळ येते, तिथे एरवी नुसती मान लववतात, पण नाताळला अख्खं पटांगण एकदम गुडघ्यावर जातं. वर्षातून दोनदाच असं होतं, नाताळ आणि २५ मार्च. लहानपणी मला वाटायचं लाइट गेली की काय, सगळे एकदम खाली.

त्याच्या आधी ग्लोरिया, म्हणजे देवाच्या स्तुतीचं गाणं, येतं. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, जांभळे झगे, वेदीवर फुलं कमी, आणि ग्लोरिया गायचंच नाही असा नियम. चार आठवडे आवरून धरलेलं ते गाणं त्या रात्री सुटतं, सगळ्या घंटा एकदम वाजवतात, वेदीजवळच्या छोट्या आणि मनोऱ्यावरची मोठी पण. फादर पांढऱ्या किंवा सोनेरी झग्यात. माझ्या मते अख्ख्या मिस्सेतली ती पाच मिनिटं चुकवू नका, उशिरा आलात तर नेमकी तीच हुकणार, कारण ती सुरुवातीलाच असतात. मिस्सेच्या आधी अर्धा तास कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गातात आणि येशूच्या जन्माची घोषणा गाऊन होते, तेव्हाच जाऊन बसा.

आता ते पांढरं गोल. ते घ्यायचं नाही. राग मानू नका, पण तो प्रसाद नाही, म्हणजे आपण देवळात हात पुढे करतो तसा सगळ्यांसाठी नाही. आमची श्रद्धा आहे की ते येशूचं शरीर आहे, त्यासाठी बाप्तिस्मा हवा, लहानपणी शिकवणीला बसून पहिली कम्युनियन, म्हणजे ते पहिल्यांदा घ्यायचा विधी, झालेली हवी, मोठं पाप केलं असेल तर आधी पापनिवेदन केलेलं हवं. आम्ही घ्यायच्या आधी एक तास पोटात काही घालत नाही, आजीच्या तरुणपणी तर मध्यरात्रीपासून कडक उपास असायचा, पाणीसुद्धा नाही. रांग तुमच्या बाकावरून जाईल तेव्हा पाय वळवून वाट द्या आणि बसून राहा, बसलेले आणखी पुष्कळ असतात, कुणी मोजत नाही.

---

खाडीपलीकडचा

वर लिहायचं राहिलं. सासूबाईंच्या हाराचं काम होईल, पण वेदीवर नाही. वेदीची फुलं गावातल्या बायका आणि सिस्टर आदल्या दिवशीच लावून ठेवतात, तिथे मध्ये काही ठेवत नाहीत. पण गावात रस्त्याच्या कडेला क्रूस असेल, तिथे झेंडूचा हार घालतात, मेणबत्ती लावतात, तुम्ही घातलात तर गावाला उलट आवडेल. मुंबईत असे क्रूस खूप आहेत, वांद्र्याला, गिरगावात, माझगावला, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळी लोकांनी नवसाने उभे केलेत. नारळ घरी द्या, आमच्या स्वयंपाकात तसाही कमी पडतो.

आणि मिस्सा संपली की लगेच उठू नका. बाळ येशूची मूर्ती फादर हातात घेऊन उभे राहतात किंवा गोठ्याजवळ (येशूच्या जन्माच्या देखाव्याजवळ) ठेवतात आणि माणसं रांगेने जाऊन पाया पडतात, मुका घेतात. तिथे जायला कुणाला मनाई नाही. तुमच्या मुलाला न्या, सासूबाईंनाही न्या.

---

जुनी_भायखळेकर

वरच्या भावांनी छान लिहिलंय, पण ख्रिस्ती म्हटलं की सगळ्यांना फक्त कॅथलिकच आठवतात म्हणून माझी भर. आम्ही मराठी प्रोटेस्टंट, आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत आले. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ ला उतरले, त्यांच्या मराठी मिशनचं काम नंतर नगरकडे फार वाढलं, आणि तिकडची माणसं पोटासाठी परत मुंबईत आली, असा उलटा प्रवास. १९७० पासून आमची मंडळी उत्तर भारताच्या चर्चमध्ये, सीएनआय म्हणतात ती.

आमच्याकडे मिस्सा म्हणत नाहीत, उपासना म्हणतात, आणि फादर नाही, पाळक. नाताळची मोठी उपासना २५ ला सकाळी. गोठा असलाच तर संडे स्कूलच्या पोरांनी नाटकासाठी केलेला, मेंढपाळाच्या डोक्याला हमखास कुणाच्या तरी घरचा टॉवेल. पण गाणी! रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी तबल्यावर, टाळ पण असतात, डोळे मिटले तर कुणाला कीर्तन चाललंय वाटेल. तुमच्या सासूबाईंना आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटेल, हे मी लिहून देते. डिसेंबरभर रात्री कॅरल पार्टी घरोघर फिरते, चाळीत तिसऱ्या मजल्यापर्यंत ढोलकी घेऊन चढतात, आणि प्रत्येक घरी चहा, त्यामुळे शेवटच्या घरी कुणालाच चहा नको असतो पण नाही म्हणता येत नाही.

आणि ते कम्युनियनचं, मी जन्माची ख्रिस्ती आहे तरी कॅथलिक मैत्रिणीच्या मिस्सेला गेले की बसूनच राहते, तेव्हा तुम्ही एकट्या पडाल असं समजू नका. आमच्याकडे त्याला प्रभुभोजन म्हणतात.

---

चहा_बिस्कीट

@खाडीपलीकडचा एक शंका, वादासाठी नाही. भाषा कळणार का? मी गेलो होतो तिथे सगळं इंग्लिश होतं, प्रवचनात फादर जोक मारत होते, लोक हसत होते, माझ्या आईला काही कळलं नाही, ती बिचारी एक तास हात जोडून बसली.

---

खाडीपलीकडचा

बरोब्बर मुद्दा आहे आणि मला तोच सांगायचा होता. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये रात्रीची मिस्सा बहुधा इंग्लिश, आणि लोकांना वाटतं ख्रिस्ती म्हणजे इंग्लिश. अहो आम्ही वसई आणि साष्टीची (म्हणजे आताच्या मुंबई उपनगरांकडची) माणसं, कोळी, भंडारी, कुणबी, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालो, आडनावं त्यांची चिकटली, पण चूल आणि बोली इथलीच राहिली. ईस्ट इंडियन हे नावसुद्धा १८८७ चं, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी आमच्या लोकांनी घेतलं, कारण बोट कंपन्यांत आणि रेल्वेत नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे साहेबाला कळावं म्हणून. मिस्सा मात्र माझ्या आजोबांच्या वेळी लॅटिनमध्येच, फादर पाठ करून उभे आणि आजोबा मागे जपमाळ ओढत बसलेले, १९६० च्या दशकात व्हॅटिकनची दुसरी परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची मोठी सभा, झाली तेव्हा कुठे लोकांच्या भाषेत आली. म्हणजे जे आज आम्ही मराठीत गातो ते आमच्यासाठी पण फार जुनं नाही.

गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात मराठी मिस्सा असतेच. म्हणून माझा सल्ला थोडा वेगळा आहे वहिनी. रात्रीचं राहू द्या, २५ ला सकाळची मराठी मिस्सा धरा. रात्रीची सुंदर असते हो, लाइटिंग, गाणी, गर्दी, पण तुम्ही पाहुणे आहात, अर्धा जीव मुलात, अर्धा परतीच्या गाडीत. सकाळी चर्चच्या आत बसायला जागा मिळते, पुढचं दिसतं आणि मुख्य म्हणजे शब्द कळतात. नाताळला प्रत्येक वेळेच्या मिस्सेचं वाचन वेगळं असतं. रात्री लूकच्या शुभवर्तमानातली जन्माची गोष्ट, उतारशाळेत जागा नाही, मेंढपाळ, देवदूत. पहाटेला मेंढपाळ धावत जाऊन बाळ बघतात तो पुढचा भाग. आणि दिवसाच्या मिस्सेला योहानाची सुरुवात, प्रारंभी शब्द होता वगैरे, त्यात गोठा नाही की तारा नाही. आता हे दिवसाचं वाचन मुलाला रुक्ष वाटेल हे खरं, पण बरेच फादर लोकांसाठी सकाळी पण मेंढपाळांचीच गोष्ट घेतात.

---

जुनी_भायखळेकर

सकाळचं मलाही पटतं, पण मित्राच्या आईने रात्री बोलावलंय ना, तिला काय वाटेल? पहिलं आमंत्रण आहे. मी तरी रात्रीच गेले असते, मुलगा झोपला तर मांडीवर झोपू दे, आमची सगळी पोरं तशीच वाढली.

---

दहिसरची_सून

वा, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना क्रूसाचं फार आवडलं, हार आता पक्का. मी मित्राच्या आईशी फोनवर बोलले, त्यांनीच सोडवलं, म्हणाल्या रात्रीची गर्दी काय बघायची, २५ ला सकाळी या, आमची पण सकाळचीच असते, रात्री पोरं जातात, मी घरी डुकराचं मटण शिजवत असते!

ते ऐकून पुढचा प्रश्न. सासूबाई शाकाहारी, अंडं पण नाही. जेवायला काय करायचं, त्यांना आधी सांगितलं तर वाईट दिसेल का?

---

खाडीपलीकडचा

आधीच सांगा, उलट न सांगता ताटावर बसलात तर त्या माउलीची धावपळ होईल. आमच्या नाताळच्या ताटात शाकाहारी माणसाला अवघडच आहे, सोरपोतेल डुकराचं, इंद्याल बहुधा डुकराचंच, आणि फुगे दिसायला साधे गोल तळलेले पाव, पण त्यात अंडं असतं, तेव्हा तिथे फसू नका. वडे विचारून घ्या, तांदळाचे असतात आणि बिनअंड्याचे करतात. गोडात सोपं आहे, नेवऱ्या म्हणजे तुमच्या करंज्याच, दोडोल नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा. कुलकुलात काही घरी अंडं घालतात काही घरी नाही. मार्झिपानात पण अंड्याचा पांढरा भाग असू शकतो, केकचं तर विचारूच नका. भाजी वेगळी करतील, बाटलीमसाल्यातली वांगी बटाटा मिळाली तर सासूबाई मसाला मागून घरी नेतील. मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरतात, वर्षभर पुरतो, फक्त कृती कुठल्याच घरातून मिळणार नाही.

---

चहा_बिस्कीट

माझं आधीचं मत थोडं बदललं, घरच्यांबरोबर जाणं वेगळंच. ताई, एक राहिलं, मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची असते तेव्हा काय करायचं? माझ्याकडे बाजूच्या माणसाने वळून बघितलं आणि मी नुसता बघत राहिलो.

---

खाडीपलीकडचा

हात जोडून नमस्कार, बस. आपल्याकडे तसंच करतात, आजूबाजूच्यांकडे वळून प्रत्येकाला नमस्कार. सासूबाईंना शिकवायला लागणार नाही.

---

दहिसरची_सून

शेवटचं विचारते, गोराईला सकाळी बोरिवलीच्या जेट्टीवरून यायचं की भाईंदरवरून रस्त्याने? आणि गोठ्यात तीन राजे असतात ना, मुलाच्या शाळेच्या पुस्तकात आहेत, त्याला तेच बघायचेत.

---

खाडीपलीकडचा

बोरिवलीकडून असाल तर गोराई खाडीची बोट, पलीकडे उतरलं की रिक्षा, विपश्यनेच्या पॅगोड्याची गर्दी सुट्टीमुळे असणार तेवढी धरून निघा. सासूबाईंच्या गुडघ्यांना बोटीत चढणं उतरणं जड जात असेल तर भाईंदरवरून उत्तनमार्गे गाडीने या, लांब पडतं पण थेट दारात.

राजांचं म्हणाल तर गोराईचं चर्चच तीन राजांचं आहे, होली मॅगी. पण खरे राजे पोचतात ६ जानेवारीच्या सणाला, त्यामुळे काही ठिकाणी २५ ला गोठ्यात राजे ठेवतच नाहीत, किंवा लांब कोपऱ्यात उंटावर ठेवतात आणि रोज थोडे पुढे सरकवतात. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडायचा. नाहीच दिसले तर जानेवारीत गावचा सण असतो, तेव्हा परत या, मित्राची आई बोलावणारच आहे.